टोकाच्या नळापर्यंत क्लोरीन

शैलाला कॅन्सरवरचं बेव्हा नावाचं पहिलं इंजेक्शन लागायचं होतं त्याच्या आदल्या रात्री तिच्या धाकट्या भावाचा इस्लामपुराहून फोन आला. "दाजी, उद्या ते गाठीचं रक्त तोडायचं इंजेक्शन ना?" मी हो म्हणालो. "मग झालं तर. पाणी तोडल्यावर शेत किती दिवस तग धरतंय!" त्याच्या आवाजात इतकी उमेद होती की त्याला मध्येच थांबवणं माझ्या जिवावर आलं. शैला शेजारी बसून पिशवीत टॉवेल, स्वेटर आणि थर्मास भरत होती. तिनं सगळं ऐकलं होतं. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाली, "अहो, खरंच तसं असतं का? पाण्यातलं तुम्हाला कळतं, म्हणून विचारते."

मी सातारा जिल्ह्यातल्या एका नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागात ३१ वर्षं काढली. सिव्हिलचा डिप्लोमा करून लागलो आणि कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झालो. वैद्यकातलं मला काही येत नव्हतं. पण त्या रात्रीचा तिचा प्रश्न मनातून जाईना. तीन महिने वाचत राहिलो, डॉक्टर मॅडमना विचारत राहिलो, मुलानं पुण्याहून छापून आणलेले कागद डिक्शनरी घेऊन लावत राहिलो. त्यातून जे हाती आलं ते इथं लिहितोय, कारण केमो देतात त्या डे केअर वॉर्डच्या बाकावर माझ्या शेजारी बसलेल्या प्रत्येक नातेवाइकाच्या तोंडी तेच वाक्य होतं, "हे रक्त तोडायचं औषध." ते वाक्य अर्धंच खरं आहे.

आजाराचं थोडक्यात सांगतो. ऑगस्टमध्ये शैलाला दम लागायला लागला, हिमोग्लोबिन ७.८ आलं. दुर्बिणीतून मोठ्या आतड्याच्या डाव्या टोकाला गाठ दिसली. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती काढली. पण सीटी स्कॅनमध्ये लिव्हरच्या उजव्या भागात तीन डाग होते, सगळ्यात मोठा ४.१ सेंटिमीटरचा. म्हणजे चौथी स्टेज. दर तीन आठवड्यांनी केमो ठरली, ऑक्झॅलिप्लॅटिन सलाईनमधून आणि कॅपेसिटाबिनच्या गोळ्या घरी. त्याच्या जोडीला बेव्हासिझुमॅब, ज्याला डे केअरमधल्या सिस्टर नुसतं बेव्हा म्हणतात. पहिल्या केमोला बेव्हा दिलं नाही. पोटाची जखम भरून यायला अजून दिवस हवेत, असं मॅडम म्हणाल्या. मला तेव्हा वाटलं, गाठीच्या औषधाचा आणि पोटावरच्या टाक्यांचा काय संबंध?

संबंध होता, आणि तो समजायला मला साठ वर्षं मागं जावं लागलं.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ज्युडा फोकमन नावाचा तरुण सर्जन अमेरिकेच्या नौदलात सक्तीची सेवा करत होता. बेथेस्डाच्या प्रयोगशाळेत त्याला काम दिलं होतं लांबच्या सागरी मोहिमांवर टिकेल असा रक्ताचा पर्याय शोधण्याचं. तो आणि त्याचा सहकारी फ्रेडरिक बेकर काचेच्या भांड्यात थायरॉइड ग्रंथी जिवंत ठेवून तिच्यातून हिमोग्लोबिनचं द्रावण फिरवत. त्या ग्रंथीत त्यांनी उंदराच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. पेशी वाढल्या, मोहरीएवढ्या, एक-दोन मिलिमीटरच्या झाल्या आणि तिथंच थांबल्या. मेल्या नव्हत्या. तेच कण उंदराच्या अंगात परत घातले की भराभर वाढायचे. भांड्यातल्या ग्रंथीत नव्या रक्तवाहिन्या फुटत नव्हत्या आणि उंदरात फुटत होत्या, एवढाच फरक.

पाण्याच्या माणसाला हे लगेच पटतं. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीला बारीक रक्तवाहिनीपासून ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आत राहावं लागतं, त्यापुढं ऑक्सिजन झिरपून पोचत नाही. वस्ती वाढली की लाइन वाढवावीच लागते. फोकमननी १९७१ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये मांडलं की गाठ स्वतःच काहीतरी सोडून आसपासच्या रक्तवाहिन्यांना आपल्याकडं बोलावून घेते, आणि ते बोलावणं अडवलं तर गाठ मोहरीएवढीच राहील. तेव्हा ते बोस्टनच्या मुलांच्या हॉस्पिटलात मुख्य सर्जन होते, ३४ व्या वर्षी त्या जागेवर बसलेले. तरी बरीच वर्षं त्यांचं म्हणणं फार कुणी मनावर घेतलं नाही. गाठीभोवतीच्या रक्तवाहिन्या म्हणजे नुसती सूज, असं इतरांचं मत होतं. मला यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. प्रयोगशाळेतल्या माणसाला गाठ दिसायची ती काढून ठेवलेली, फिकट पडलेली. सर्जनला ती पोटात दिसायची, गरम, लालभडक, हात लावला की भळभळणारी. फोकमननी जे मांडलं ते हातानं पाहिलेलं होतं. आमच्याकडंही नकाशा बघणारा साहेब आणि चिखलात उतरणारा फिटर यांना एकच लिकेज वेगवेगळं दिसतं, आणि बहुतेक वेळा फिटर बरोबर निघतो.

बोलावणं कोण धाडतं ते पुढं हळूहळू सापडलं. १९८३ साली बोस्टनमध्येच हॅरॉल्ड ड्वोरॅक यांच्या गटाला गाठीतून सुटणारं एक प्रथिन मिळालं. त्यानं रक्तवाहिन्या पाझरायला लागत. १९८९ साली कॅलिफोर्नियातल्या जेनेंटेक कंपनीत सिसिलीहून आलेल्या नेपोलिओन फेरारा यांनी रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन वेगळं केलं, त्याला व्हीईजीएफ नाव पडलं. नंतर कळलं की दोन्ही एकच. जे पाइप वाढवतं तेच पाइप गळकं करतं. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. आणि पेशीला ऑक्सिजन कमी पडतोय हे तिला कळतं कसं, याचा उलगडा करणाऱ्या कॅलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं वैद्यकाचं नोबेल मिळालं. गुदमरलेली पेशी व्हीईजीएफ सोडते. बेव्हा ही एक अँटिबॉडी आहे. ती रक्तात फिरते आणि व्हीईजीएफला रक्तवाहिनीपर्यंत पोचण्याआधीच धरून ठेवते. गाठीला ती हातसुद्धा लावत नाही. शेजारच्या नळाकडं निघालेला अर्ज वाटेतच अडवायचा, एवढंच तिचं काम.

आता माझ्या नोकरीतली एक गोष्ट सांगायलाच हवी.

आमच्या गावाच्या उत्तरेला ओढ्यापलीकडं एक वाढीव भाग झाला. प्लॉट पडले, घरं उभी राहिली, आणि मंजूर लाइन यायच्या आधीच लोकांनी आपापले पाइप ओढले. अर्धा इंची लोखंडी, कुठं प्लास्टिक, कुठं बागेची नळी, गटारातून, रस्त्याच्या कडेनं, एकातून दुसरं, दुसऱ्यातून तिसरं. लेव्हल नाही, व्हॉल्व्ह नाही, जोडाला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली. पाहणाऱ्याला वाटावं की इथं पाण्याला काय तोटा, जिकडं तिकडं पाइप. प्रत्यक्षात निम्मं पाणी जमिनीत मुरायचं. अख्ख्या भागात बारमाही चिखल. टोकाच्या गल्लीत नळाला नुसती हवा.

एका पावसाळ्यात तिथं जुलाबाची साथ आली. साहेबांनी टाकीत टीसीएलचा, म्हणजे क्लोरीनच्या पावडरीचा डोस वाढवायला सांगितला. वाढवला. टाकीजवळच्या नळावर ओटी टेस्ट घेतली तर नळीतलं पाणी गर्द पिवळं, म्हणजे क्लोरीन भरपूर. गावातल्या लोकांची वासाची तक्रार सुरू झाली. टोकाच्या गल्लीत मी स्वतः गेलो. एका घरात बाईंनी हंड्याच्या तळातलं पाणी दिलं, त्यात दोन थेंब टाकले. नळी उजेडात धरली, हलवली, परत धरली. काचेसारखी स्वच्छ. पिवळ्या रंगाचा मागमूस नाही. जिथं साथ होती नेमक्या तिथंच औषध पोचत नव्हतं. डोस अजून वाढवून उपयोग नव्हता, गावाला उलट्या झाल्या असत्या. आम्ही काय केलं तर सहा दिवसांत त्यातली निम्मी लाइन बंद केली आणि उरलेली सरळ केली. पाइप कमी झाले आणि पाणी वाढलं. सातव्या दिवशी त्याच घरातल्या नळीत फिकट पिवळा रंग आला. तो रंग मला अजून डोळ्यांसमोर दिसतो.

गाठीच्या आतल्या रक्तवाहिन्यांचं छायाचित्र मुलानं मला पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मला आमचा वाढीव भागच दिसला. निरोगी जागी रक्तवाहिन्या झाडाच्या फांद्यांसारख्या, मोठीतून लहान, लहानातून बारीक. गाठीत नुसता गुंता. कुठं फुगीर, कुठं चेपलेल्या, कुठं दोन्ही टोकं एकमेकांत गेलेल्या, कुठं वाहता वाहता रक्त उलट फिरणारं. भिंती पाझरणाऱ्या. पाझरलेलं पाणी वाहून नेणाऱ्या लसीकावाहिन्या तिथं नीट काम करत नाहीत, त्यामुळं गाठीच्या आत दाब वाढतो. मग केमोचं औषध रक्तवाहिनीतून बाहेर पडून पेशीपर्यंत जायचं म्हटलं तरी समोरून दाब. आणि जिथं ऑक्सिजन पोचत नाही तिथल्या पेशींवर रेडिएशनही कमी चालतं.

हे सगळं ज्यानं मोजून मांडलं तो माणूस मूळचा डॉक्टरच नाही. राकेश जैन, जन्म उत्तर प्रदेशातल्या ललितपूरचा, आयआयटी कानपूरचा १९७२ चा केमिकल इंजिनिअर. पुढं अमेरिकेत गेले, बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात आणि हार्वर्डमध्ये काम केलं. इंजिनिअर असल्यामुळं त्यांनी गाठीकडं दाब, प्रवाह आणि गळती अशाच नजरेनं पाहिलं. २००१ साली त्यांनी एक उलटी वाटणारी कल्पना मांडली. रक्तवाहिन्यांविरुद्धचं औषध योग्य मात्रेत दिलं तर ते आधी फालतू आणि कच्च्या वाहिन्या छाटतं आणि उरलेल्या काही काळ सरळ, घट्ट होतात. त्या मधल्या खिडकीत गाठीतला दाब उतरतो, ऑक्सिजन वाढू शकतो आणि केमो आत शिरू शकते. २००४ साली त्यांच्याच हॉस्पिटलात गुदाशयाच्या कॅन्सरच्या सहा रुग्णांना बेव्हाचा एकच डोस देऊन बारा दिवसांनी तपासलं. गाठीतल्या रक्तवाहिन्या कमी झाल्या होत्या आणि आतला दाब खरोखरच उतरला होता.

मी हे वाचलं तेव्हा रात्रीचे दीड वाजले होते. शैलाला उठवून सांगावंसं वाटलं. सकाळी चहाच्या वेळी सांगितलं. ती त्या जुलाबाच्या साथीत माझ्याबरोबर घरोघर पाण्यात टाकायच्या मेडिक्लोरच्या बाटल्या वाटत फिरली होती, तिला दोन वाक्यांत कळलं. "म्हणजे पाणी तोडायचं नाही, आधी लाइन सुधारायची," ती म्हणाली.

इथं मला प्रामाणिक राहायला हवं. ही कल्पना सगळीकडं जुळलेली नाही. नेदरलँड्समध्ये २०१२ साली फुप्फुसाच्या कॅन्सरच्या रुग्णांवर मोजलं तेव्हा बेव्हानंतर केमोचं औषध गाठीत जास्त न जाता उलट कमी गेलेलं दिसलं. मात्रा, वेळ, कुठली गाठ, यावर बरंच अवलंबून असतं, आणि कुणाच्या शरीरात ती खिडकी कधी उघडते, किती दिवस राहते हे डे केअरच्या खुर्चीवर बसून सांगता येत नाही. माणसाच्या अंगात ओटी टेस्ट नाही. तरीही बेव्हा एकटं दिलं तर आतड्याच्या कॅन्सरवर फारसं चालत नाही आणि केमोबरोबर दिलं तर चालतं, या गोष्टीचा मला लागलेला अर्थ हाच आहे.

पहिल्या बेव्हाचा दिवस नोव्हेंबरच्या अखेरीकडचा. कऱ्हाडहून पहाटेच्या एसटीनं निघालो, खंबाटकीच्या बोगद्यात शैला जागी झाली, पुण्यात साडेआठला मुलगा स्टँडवर. वजन ५२ किलो. किलोला साडेसात मिलिग्रॅम धरून ३९०. फार्मसीतून बर्फाच्या पॅकमध्ये गुंडाळलेली ४०० मिलिग्रॅमची बाटली मीच आणली, अंगठ्याएवढी, आत पाण्यासारखं औषध, जरासं तपकिरी. सिस्टर म्हणाल्या, "काका, हलवू नका हं ती." ती साध्या सलाईनमध्येच मिसळतात, साखरेच्या सलाईनमध्ये चालत नाही. पहिल्यांदा ९० मिनिटं लावलं, दुसऱ्या वेळी ६०, पुढं ३०. मी नव्वद मिनिटं तो थेंब बघत बसलो होतो. थेंब पडायच्या वेगावरून किती पाणी वाहतं ते काढायची सवय हाताला आहे, मनात हिशेब चालू होता. त्या एवढ्याशा पाण्याची किंमत आमच्या पेन्शनच्या मानानं फार होती, तीसुद्धा भारतीय कंपनीच्या बायोसिमिलरची, म्हणजे मूळ औषधाबरहुकूम बनवलेल्या औषधाची.

घरी आल्यावर त्रास दिला तो बेव्हानं नाही, ऑक्झॅलिप्लॅटिननं. त्या औषधानं थंडी सोसत नाही. गार वस्तूला हात लागला की बोटांत सुया टोचतात, गार पाण्याचा घोट घेतला तर घसा आवळल्यासारखा होतो. डिसेंबरातलं कऱ्हाड, पहाटे नळाचं पाणी बर्फासारखं. केमोनंतर पाच-सहा दिवस मी तिच्या उठण्याआधी बंबातलं पाणी बादलीत काढून ठेवायचो, ब्रश करायलाही कोमट. पितळी तांब्या तिला धरवत नव्हता, म्हणून प्लास्टिकचा मग. फ्रीजला तिनं हात लावायचा नाही, दूध मी काढायचो. संक्रांतीला बायका वाण घ्यायला आल्या तेव्हा तिनं हातमोजे घालून हळदीकुंकू लावलं. कुणी काही बोललं नाही. एका आजींनी तिचे दोन्ही हात मोज्यांसकट आपल्या हातांत धरून ठेवले.

बेव्हाचा त्रास आवाज न करता येतो, म्हणून त्याची वही ठेवावी लागते. सकाळ-संध्याकाळ बीपी. तिचं जन्मभर १२० च्या खाली. दुसऱ्या डोसनंतर १३८, १४६, एका रविवारी १६२ वर ९८. कारण समजलं की भीती कमी होते. व्हीईजीएफ नुसतं गाठीचं नाही, ते सगळ्या शरीराचं आहे. रक्तवाहिनीच्या आतलं अस्तर त्याच्या सांगण्यावरून नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि वाहिनी सैल राहते. ते अडवलं की वाहिन्या आवळतात, दाब चढतो. मूत्रपिंडाची चाळणीही व्हीईजीएफच्या आधारानं टिकते, म्हणून दर वेळी आधी लघवीत प्रथिन जातंय का ते पट्टी बुडवून पाहतात. नाकातून थोडं रक्त यायचं. मान पुढं झुकवून नाकपुड्या दहा मिनिटं चिमटीत धरायच्या आणि रात्री आत खोबरेल तेलाचं बोट फिरवायचं, यात भागलं. बीपीची गोळी सुरू झाली. पोटात अचानक तीव्र कळ आली तर घरगुती काही न करता थेट हॉस्पिटल, हे मॅडमनी दोनदा बजावलं, कारण क्वचित आतड्याला भोक पडू शकतं.

आणि जखम. जखम भरते म्हणजे तिथं नव्या रक्तवाहिन्या फुटतात. गाठीला पाइप टाकून देणारं जे प्रथिन तेच कापलेल्या बोटाला पाइप टाकून देतं. म्हणूनच पहिल्या केमोला बेव्हा नव्हतं. ऑपरेशनच्या आधी आणि नंतर किमान २८ दिवस ते देत नाहीत.

हे माहीत असूनही आमच्यावरचा एक प्रसंग थोडक्यात टळला. डिसेंबरच्या मध्यावर शैलाची खालची दाढ ठणकायला लागली. दोन रात्री ती झोपली नाही. मी गावातल्याच एका दंतवैद्याकडं नेलं. त्यांनी एक्स-रे काढला, म्हणाले काढायलाच हवी, लगेच काढू. भुलीची सुई ट्रेमध्ये तयार होती. कुठली औषधं चालू आहेत हे त्यांनी विचारलं नव्हतं आणि दाताचं आम्हालाही डे केअरमध्ये कुणी सांगितलं नव्हतं. हातात दिलेलं पत्रक इंग्रजीत होतं, त्यात ती ओळ चौथ्या पानावर होती. शैलानंच तोंडातला कापूस काढला आणि म्हणाली, "अहो, ते जखमेचं काय म्हणाला होतात?" मी बाहेर येऊन मॅडमना फोन लावला. त्या म्हणाल्या, काढू नका, जखम भरणार नाही, जबड्याचं हाड उघडं पडू शकतं. दाढ काढायची राहिली. अँटिबायोटिक आणि आतली कीड साफ करून तात्पुरतं भरणं, यावर भागवलं. त्या रात्री माझे हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी मी मराठीत एक पान लिहिलं, मोठ्या अक्षरात: बेव्हा चालू असताना दात काढायचा नाही, टोचून घ्यायच्या आधी सांगायचं, बीपी रोज, पोटात कळ आली तर लगेच. पुढच्या खेपेला पन्नास झेरॉक्स घेऊन गेलो आणि सिस्टरांकडं दिल्या. त्यांनी त्या काउंटरवर ठेवल्या. कुणाला हव्या असतील तर याच मजकुरावरून उतरवून घ्या आणि आपल्या डॉक्टरांना दाखवून मगच वापरा.

मेव्हण्याला मी शेवटी आकडा सांगितला. सांगावा की नाही यावर बरेच दिवस घातले. अमेरिकेत फेब्रुवारी २००४ मध्ये बेव्हाला मंजुरी मिळाली ती ८१३ रुग्णांच्या अभ्यासावर. सगळ्यांचा आतड्याचा कॅन्सर पसरलेला. केवळ केमोवर असलेल्यांचं मधलं आयुर्मान १५.६ महिने, केमो अधिक बेव्हावर असलेल्यांचं २०.३. म्हणजे पावणेपाच महिने. फोनवर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "एवढंच?" मला त्याचा राग आला नाही, मीही पहिल्यांदा तसंच म्हणालो होतो. पण पावणेपाच महिने म्हणजे काय ते त्यानंतर मला रोज दिसतंय. त्यात एक संक्रांत बसते, नातवाची वार्षिक परीक्षा बसते, प्रीतिसंगमावर संध्याकाळी तिच्याबरोबर बसलेले शंभर तास बसतात. आणि मधला आकडा म्हणजे निम्मे लोक त्याच्या पुढं गेलेले असतात. आजच्या केमो त्या वेळच्यापेक्षा चांगल्या आहेत, सर्जरीही. जो आकडा लपवतो तो समोरच्याचे निर्णय हिरावून घेतो असं माझं ठाम मत आहे.

हे औषध सगळीकडं चालत नाही हेही सांगितलं पाहिजे. पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत २००८ साली दिलेली मंजुरी २०११ मध्ये काढून घेतली, कारण रुग्ण जास्त जगत असल्याचं दिसलं नाही. आतड्याची गाठ पूर्ण काढल्यावर परत येऊ नये म्हणून द्यायचे प्रयत्न मोठ्या अभ्यासांत फसले. दुसऱ्या बाजूला, लिव्हरच्याच मूळ कॅन्सरवर २०२० पासून ते इम्युनोथेरपीच्या जोडीनं देतात, कारण व्हीईजीएफ प्रतिकारशक्तीच्या पेशींनाही गाठीत शिरू देत नाही असं दिसलंय.

ते का फसतं याचं एक कारण मला नोकरीतल्या अनुभवानं फार लवकर उमजलं. काही गाठी नवी लाइन टाकतच नाहीत. लिव्हरमध्ये आधीच रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. कॅन्सरच्या पेशी त्या जुन्या, चांगल्या वाहिन्यांना बिलगून वाढतात आणि त्यांचंच रक्त पितात. आमच्याकडं रात्री मुख्य लाइनवर फेरूल मारून घेतलेलं चोरीचं कनेक्शन असतं तसं. तिथं नवा पाइप मंजूर करणारा अर्ज अडवून काय होणार? २०१६ साली छापून आलेल्या एका अभ्यासात आतड्यातून लिव्हरमध्ये गेलेल्या अशा गाठी बेव्हाला नीट दाद देत नाहीत असं आढळलं. शैलाच्या तीन डागांत कुठला प्रकार जास्त आहे हे स्कॅनवर सांगता येत नाही, असं मॅडम म्हणाल्या. चौथ्या केमोनंतरच्या स्कॅनपर्यंत मला झोप नव्हती.

माझे थोरले बंधू सांगलीला असतात, मधुमेहाचे. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्यात पाणी साठतं आणि त्यासाठी दर महिन्याला डोळ्यात सुई घेतात. जानेवारीत त्यांनी आपली फाइल दाखवली तर आत तेच नाव, बेव्हासिझुमॅब. मात्रा १.२५ मिलिग्रॅम, शैलाच्या तीनशेवा भागही नाही. डोळ्यासाठी ते बनवलेलं नव्हतं, डॉक्टरांनी २००५ च्या सुमारास वापरून पाहिलं आणि स्वस्त पडतं म्हणून जगभर रूढ झालं. डोळ्यातही तेच, गळक्या कच्च्या वाहिन्या. दादा म्हणाले, "शैलाचं नि माझं औषध एक म्हणजे आता पथ्यही एक." त्या दिवसापासून दोघं रोज सकाळी फोनवर एकमेकांना आपापलं बीपी सांगतात.

स्कॅन जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात झाला. मोठा डाग ४.१ वरून २.६ वर आला होता, बाकीचे दोन जेमतेम दिसत होते. सर्जननी बोर्डवर लिव्हरचं चित्र काढून दाखवलं, उजवा भाग काढता येईल म्हणाले. मग उलटी मोजणी सुरू झाली. पाचव्या केमोबरोबरचं बेव्हा २४ जानेवारीला, ते शेवटचं. सहावी केमो बेव्हाशिवाय. ऑपरेशन १६ मार्चला. हे औषध रक्तातून हळू उतरतं, निम्मं व्हायला वीसेक दिवस लागतात, म्हणून मध्ये सात आठवडे मोकळे सोडलेत. आता आम्हाला तिच्या रक्तात व्हीईजीएफ परत यायला हवंय. उरलेलं लिव्हर वाढायला आणि पोटावरचे टाके जुळायला तेच लागणार आहे.

टाकीचं पाणी उतरतंय हे वर न चढताही कळतं, खालच्या नळाचा जोर सांगतो. शैलाच्या वहीत मी रोज तेच बघतोय. ३ फेब्रुवारी १४८/९२. १२ फेब्रुवारी १४०/८८. १९ फेब्रुवारी १३२/८४, नाकातून रक्त नाही. काल, २५ तारखेला, १२४/८०. मॅडमनी बीपीची गोळी निम्मी केली. ऑपरेशनला अडीच आठवडे आहेत. दाढ त्याच्याआधी काढायची की नंतर, याचं उत्तर सोमवारी मिळेल. आत्ता ती अंगणात बसून भावाशी फोनवर बोलतेय, आणि मघाशी तिनं पितळी तांब्यातून पाणी प्यायलं.